जेनभक्त

मॅसॅच्युसेट्समधल्या मराठी पॉटलकला जो गृहस्थ सगळ्यांत हळू आवाजात "थोडं वरण वाढता का?" विचारतो, तो जेनभक्त असण्याची शक्यता दाट. वय पंचेचाळिशीच्या पुढे, नोकरी डेटाबेसची, पोलो शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. हिवाळ्यात शेजाऱ्याच्या दारातलाही बर्फ उपसून देईल. मुलांवर त्याने कधी आवाज चढवल्याचं ऐकिवात नाही. ते काम त्याने फार पूर्वीच जेकब बॅनन नावाच्या माणसाला आउटसोर्स केलंय.

बॅनन हा कन्व्हर्जचा गायक. कन्व्हर्ज हा मॅसॅच्युसेट्सचाच, 1990 सालचा बँड. 'जेन डो' हा त्यांचा अल्बम 4 सप्टेंबर 2001 ला आला. जेनभक्त ही तारीख पूर्ण सांगतो, मग जरा थांबून "बरोबर एक आठवडा आधी" असं पुटपुटतो. बँडला जणू आतून बातमी होती.

याच्या घरी जेवायला जाणाऱ्याने मनाची तयारी ठेवावी. बडीशेप झाली की तो तुम्हाला तळघरात नेतो. पहिलं गाणं जेमतेम सव्वा मिनिटाचं. तेवढ्यात शंभर माणसं एकदम जिन्यावरून पडावीत तसा कल्लोळ होतो, आणि आपण स्पीकर गेला का म्हणून बघतो तोवर संपतंही. "ऐकलंस?" तो डोळे मिटून विचारतो. काय, ते विचारायची सोय नाही. पुढे ठेका मोजायला जावं तर तो मधेच मात्रा खातो. एखादं गाणं चिखलात रुतल्यासारखं संथ होतं. शेवटचं तर साडेअकरा मिनिटं चालतं, आणि तेवढा वेळ यजमान पापणी हलवत नाही. गाण्यांचे शब्द असलेली पुस्तिका तो हातात देतो; कोणत्या ओळीवर आहोत हे तिच्या मदतीनेही कळत नाही.

"मेटल छान आहे हं," असं तुम्ही सौजन्याने म्हणालात की त्याच्या कपाळावर आठी उमटते. हे मेटल नाही, हार्डकोर आहे. बरं, मेटलकोर म्हणा. पण त्या नावाखाली पुढे जे गुळगुळीत बँड आले, ते नव्हे. हा खुलासा गाण्यांपेक्षा जास्त वेळ चालतो, आणि खरं सांगायचं तर गाण्यांइतकाच दुर्बोध असतो.

सासऱ्यांसमोर मात्र त्याचा सूर वेगळा. गिटारवादक कर्ट बलू बोस्टन युनिव्हर्सिटीतून एरोस्पेस इंजिनिअरिंग शिकलाय, हे तो त्यांना पहिल्या पाच मिनिटांत सांगतो. शिवाय बलूचा सेलमला स्वतःचा स्टुडिओ आहे. शिक्षण आणि स्वतःची जागा, दोन्ही ऐकल्यावर सासऱ्यांचा विरोध बराच मावळतो. 'टेररायझर' या ब्रिटिश मासिकाने 'जेन डो'ला 2001 चा सर्वोत्तम अल्बम ठरवलं होतं, ही माहिती त्यांच्यापुढे काढू नये, एवढं त्याला अनुभवाने कळलंय. मासिकाचं नाव ऐकून सासरे व्हिसाची चौकशी करतात.

एवढा आरडाओरडा कशासाठी, तर एक बाई सोडून गेली म्हणून. संपूर्ण अल्बम एका तुटलेल्या नात्यावर आहे. म्हणजे ज्या दुःखात अरुण दाते एखादा हळवा स्वर लावून मोकळे झाले असते, त्यासाठी इथे पाच माणसं पाऊण तास राबली आहेत. जेनभक्ताचे आजोबा रेडिओवर भावगीत लागलं की चष्मा पुसायला घ्यायचे. हाही तेच करतो. आवाजाची पातळी तेवढी बदलली, खानदानी हळवेपणा तसाच आहे. 2001 साली तो इथेच एम.एस. करत होता. त्याला तेव्हा कोण सोडून गेलं, हे त्याने कधी सांगितलं नाही. बायकोनेही विचारलेलं नाही, कारण तिला ते माहीत आहे.

कार्यक्रमाला तो अजून जातो. मॉश पिटमध्ये पोरं एकमेकांवर आदळत असतात. हा मागे साउंड डेस्कपाशी उभा, एका खिशात गुडघ्याचा पट्टा, दुसऱ्यात इअरप्लग. भयंकर मोठ्याने वाजणाऱ्या गोष्टीसाठी तिकीट काढायचं आणि कानात बोळे घालून उभं राहायचं, यात त्याला काहीच विसंगत वाटत नाही.

तळघरात 'जेन डो'च्या विनाइलच्या रंगीबेरंगी आवृत्त्या आहेत, बहुतेक सीलबंद. बँडने 2016 ला नेदरलँड्समधल्या रोडबर्न महोत्सवात हा अख्खा अल्बम वाजवला, त्याचं 'जेन लाइव्ह'ही आहे. 'जेन डो'च्या आवृत्त्यांवर बॅननने केलेला तोच स्त्रीचा करडा चेहरा. "माझ्या पैठण्या निदान लग्नाकार्यात तरी बाहेर निघतात," बायको म्हणते. तो चेहरा लोक अंगावर गोंदवून घेतात. यालाही घ्यायचा होता. आईला कळेल म्हणून राहिलं. आई नाशिकला असते.

परवा त्याच्या सोळा वर्षांच्या मुलीचं कोणाशी तरी बिनसलं. दोन दिवस ती खोलीबाहेर आली नाही. तिसऱ्या दिवशी तळघरात उतरली आणि म्हणाली, "बाबा, तुझी ती ओरडणारी लोकं लाव ना." त्याचे डोळे भरून आले. शेवटच्या गाण्यापर्यंत दोघं मुकाट ऐकत बसली. संपल्यावर ती म्हणाली, "हा ओरडत नाहीये, रडतोय." पंचवीस वर्षांत हे कोणा पाहुण्याला उमगलं नव्हतं. मग तिने लाल रंगाची आवृत्ती उचलली आणि प्लास्टिकला नख लावलं.

"अगं अगं, ती नको!" तो ओरडला. वरच्या मजल्यावर बायकोच्या हातातून झारा पडला.