अप जलद, डाऊन रद्द

सकाळच्या गर्दीत फलाटावर उभं असताना गाडी कुठे आहे हे कळायच्या तीन सोयी असतात. एक इंडिकेटर, दुसरी उद्घोषणा आणि तिसरी शेजारच्या काकांची मान. इंडिकेटरवर दोन मिनिटं असतात, पण ती दोन मिनिटं कधीकधी सात मिनिटं टिकतात. उद्घोषणा बिचारी प्रामाणिक, फक्त वरातीमागून येणाऱ्या घोड्याशी तिचा जुना घरोबा. काकांची मान मात्र चुकत नाही. ती रुळांच्या वळणाकडे फिरली की अख्ख्या फलाटावर पाठीवरच्या बॅगा पोटावर येतात, छत्र्या मिटतात, फोन खिशात जातात. काकांना याचा पगार नाही, लॉगिन नाही, आणि त्यांचा पासवर्ड दर पंचेचाळीस दिवसांनी संपतही नाही.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली तेव्हा २१ तोफांची सलामी दिली होती म्हणतात. उद्घोषणा असावी तर अशी. 'नीट ऐकू आलं नाही' म्हणायची सोयच नाही. पुढच्या वर्षी गाडी कल्याणपर्यंत आली आणि आपल्या आयुष्यात 'अप' आणि 'डाऊन' हे दोन शब्द कायमचे शिरले. बाहेरगावच्या पाहुण्यांना वाटतं कल्याण खोलगट भागात असेल आणि मुंबई डोंगरावर. तसं काही नाही. मुख्य ठाणं ज्या बाजूला, ती दिशा अप. साहेब बसतो ते वर, बाकी सगळं खाली. संस्थांमधल्या संवादावर जाडजूड पुस्तकं निघाली, पण एवढ्या थोडक्यात कुणी सांगितलं असेल असं वाटत नाही.

मी पोटासाठी एमआयएस करतो. पाठ्यपुस्तकात याला 'व्यवस्थापन माहिती प्रणाली' म्हणतात, पण ते उच्चारून होईपर्यंत माहिती शिळी होते. वागळे इस्टेटमध्ये एक कारखाना आणि त्याच्या वरच्या मजल्यावर ऑफिस, तिथे मी बसतो. वागळे इस्टेट म्हणजे एमआयडीसीचं माहेर, महामंडळाचा कारभार १९६२ साली तिथूनच सुरू झाला. आता तिथल्या बऱ्याच गाळ्यांत लोखंड कापण्याऐवजी एक्सेल कापतात. 'एमआयएस गेला का?' हा आमच्याकडे 'जेवलास का?' इतका आपुलकीचा प्रश्न आहे. तो गेला पाहिजे, एवढंच. कुठे गेला, कुणी उघडला, याची चौकशी करणं उद्धटपणाचं समजतात.

आता आमच्या 'इतर'ची गोष्ट सांगतो.

आमच्या कारखान्यात मशीन बंद पडलं की त्याचं कारण प्रणालीत भरावं लागतं. पूर्वी रजिस्टर होतं. त्यात सुपरवायझर पेनाने लिहायचा, 'मोटर जळाली, दोनदा सांगितलं आहे.' असलं लिखाण डॅशबोर्डवर बसत नाही. म्हणून एक सल्लागार आले, त्यांनी रजिस्टर बंद करून ड्रॉपडाऊन दिला. वीजपुरवठा, कच्चा माल, मनुष्यबळ, नियोजित देखभाल आणि इतर, अशी पाच कारणं. 'बिघाड' हा शब्द त्यांनी मुद्दाम वगळला. नकारात्मक वाटतो म्हणाले.

मार्चमध्ये मोटर जळाली. सुपरवायझरने पाचही पर्याय वाचले, चष्मा पुसून पुन्हा वाचले आणि 'इतर' दाबलं. महिनाभर रोज 'इतर'. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पडद्यावर केकचा गोल आला, त्यात सगळ्यांत मोठा तुकडा 'इतर'चा. साहेब गंभीर झाले. 'हे इतर एवढं वाढलंय कशामुळे?' असं त्यांनी अकरा जणांना विचारलं. त्या अकरांत सुपरवायझर नव्हता, कारण तो मीटिंगच्या श्रेणीत बसत नाही. दीड तास चर्चा होऊन 'इतर' पन्नास टक्क्यांनी कमी करायचं लक्ष्य ठरलं. मी ते टिपून घेतलं. टिपून घेणं हे माझं काम आहे.

मेमध्ये 'इतर' सत्तर टक्क्यांनी उतरलं. टाळ्या झाल्या. सुपरवायझरला दम मिळाला होता, त्यामुळे तो आता 'वीजपुरवठा' दाबत होता. जूनमध्ये वीजपुरवठ्याचा तुकडा फुगला आणि वीज कंपनीला एक कडक पत्र गेलं. त्यांच्याकडून उत्तर आलं की आमच्या बाजूने पुरवठा अखंडित आहे. मग दोन्ही पत्रांची एक पीपीटी झाली.

आणि मोटर? ती जळल्याचं आमच्या शिपाईमामांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. चहाची किटली घेऊन ते रोज त्या मशीनजवळून जातात, जळक्या वासाने त्यांना शिंक येते. त्यांनी मला सांगितलंही होतं. 'मामा, हे मी कुठे भरू?' असं मी विचारलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी अर्धा चहा तसाच ठेवला.

या धंद्यात मी एकटाच अडाणी नाही, हा मला मोठा दिलासा आहे. अमेरिकेत संगणकावर व्यवस्थापनाची माहिती काढायचं वेड नुकतं चढत होतं तेव्हाच, १९६७ साली, रसेल अ‍ॅकॉफ नावाच्या प्राध्यापकाने एक लेख लिहिला. शीर्षकातच त्याने त्या प्रणालीला 'मिसइन्फर्मेशन' म्हणून टाकलं. त्याचं म्हणणं असं की साहेबलोकांना माहिती कमी पडते हा भ्रम आहे, त्यांच्यावर नको त्या माहितीचा ढीग पडलेला असतो. या लेखाला साठ वर्षं होत आली. आमच्याकडे तो अजून 'अप्रूव्हल'मध्ये असावा.

डबेवाल्यांचं उदाहरण मात्र मी देणार नाही. ते प्रत्येक व्यवस्थापनाच्या व्याख्यानात असतंच. आमच्याही प्रशिक्षणात होतं. वक्त्यांनी डब्यावरच्या खुणांची थोरवी चाळीस मिनिटं सांगितली आणि मग त्यांचं अ‍ॅपवरून मागवलेलं जेवण चुकीच्या गेटवर गेलं म्हणून आम्ही सगळे खाली धावलो.

तर अप दिशेचं हे असं. रोज, तासाला, जलद, बारा डबे. डाऊनचं काय? आपल्याकडे बऱ्याच स्टेशनांवर सरकता जिना फक्त वर नेतो, उतरायचं असेल तर ज्याचे त्याचे गुडघे. ऑफिसातही तेच. वर जाणाऱ्या माहितीला जिना सरकता, आणि खाली येणारीने कठडा धरून यावं. गेल्या पावसाळ्यात रुळांवर पाणी आलं. 'आज सर्वांनी घरून काम करावे' असा मेल निघाला तो सकाळी अकराला. आम्ही तो ऑफिसात बसून, ओले मोजे पिळता पिळता वाचला. मागाहून कळलं की मजकूर सातलाच तयार होता, पण मंजुरी तिघांची लागते आणि त्यातले दुसरे मंजुरीकर्ते कळव्याच्या अलीकडे गाडीत अडकले होते. त्यांना रेंज नव्हती. 'घरी थांबा' हे सांगण्याचा अधिकार ज्यांना आहे, त्यांना ते कुणी सांगायचं, याची तरतूद प्रणालीत नाही.

मेलची ही तऱ्हा, म्हणून मग व्हॉट्सॅप. आमचे ग्रुप चार. एक 'ऑफिशियल'. दुसरा 'ऑफिशियल न्यू', कारण पहिल्याचा अ‍ॅडमिन नोकरी सोडून गेला आणि जाताना कुणाला अ‍ॅडमिन करून गेला नाही. तिसरा 'फक्त कामाचं, नो गुड मॉर्निंग', त्यावर पहिल्याच दिवशी एकोणीस जणांनी या नियमाबद्दल 'गुड मॉर्निंग सर, छान निर्णय' असं लिहिलं. चौथ्या ग्रुपला नाव नाही, नुसता चहाच्या कपाचा डीपी आहे. त्यात साहेब नाहीत, त्यामुळे कामाचं सगळं तिथे असतं. कच्चा माल कुठल्या नाक्यावर अडकलाय, पगार कधी पडणार, तपासणीला कोण येतंय. कंपनीने प्रणालीवर काही लाख घातले, आणि ती चालते ती या कपावर.

माझ्या कंपनीवर हसून थांबता आलं असतं. पण आमच्या कल्याण-डोंबिवलीला या विषयात घरंदाज इतिहास आहे. महापालिका १९८३ ची. ई-गव्हर्नन्सचं नाव बाकीच्या शहरांनी नीट उच्चारायच्या आधी आमच्या पालिकेत नागरी सुविधा केंद्र उघडलं होतं. दाखला, कर, अर्ज, सगळं एका खिडकीवर, आतले विभाग संगणकाने जोडलेले. पुढे राज्याने हाच नमुना इतर पालिकांना गिरवायला दिला. ही थट्टा नाही, अभिमानानेच सांगतोय. बाकी त्या संगणकाने भोगलंही बरंच. शेजारची २७ गावं १९८३ ला पालिकेत आली, २००२ ला बाहेर गेली, २०१५ ला पुन्हा आत आली. माझ्या एक्सेलला कुणी अशी वागणूक दिली असती तर ते केव्हाच हँग झालं असतं.

आणि याच पहिल्या बाकावरच्या हुशार विद्यार्थ्याच्या सहीचे खोटे कागद तयार झाले. पालिकेच्या नावाच्या बनावट बांधकाम परवानग्या. त्या महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाकडे, नोंदणीसाठी दाखवल्या गेल्या, नोंदणी क्रमांक मिळाले, आणि ६५ इमारती उभ्या राहिल्या. लोकांनी ते क्रमांक पाहून घरं घेतली, कर्ज काढून, मंगळसूत्र मोडून, गावची जमीन विकून, आपल्याकडे घेतात तशी. सगळे त्यांना तेच सांगत आले होते ना, 'रेराचा नंबर बघा, मगच टोकन द्या.' त्यांनी बघितला. नंबर खरा होता. फक्त त्याच्याखालचा कागद खोटा होता.

आता यातली माहितीची बाजू बघा, कारण माझा धंदा तोच. पालिकेचं मुख्यालय कल्याणला शंकरराव चौकात, महारेराचं कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात. मध्ये एक लोकल, एक रिक्षा. पालिकेकडे नोंद होती की अशी परवानगी आपण दिलीच नाही. महारेराकडे नोंद होती की अशी परवानगी आलेली आहे. दोघांकडेही संगणक, दोघांचीही माहिती आपापल्या जागी अगदी नीट साठवलेली. एकाने दुसऱ्याला 'हे तुमचंच का हो?' एवढं विचारायचं राहिलं. मंडईतली भाजीवाली पाचशेची नोट उजेडात धरून बघते, तेवढंच. पण भाजीवालीकडे 'अपलोड यशस्वी' असं सांगणारी हिरवी खूण नसते, म्हणून तिला बघावं लागतं.

हे प्रकरण एका वास्तुविशारदाने उच्च न्यायालयात नेलं. पालिकांची संकेतस्थळं आणि महारेरा एकमेकांना जोडण्याची भाषा त्यानंतर सुरू झाली आणि २०२३ मध्ये महारेराने ठरवलं की परवानगी खरी असल्याचं पालिकेकडून ई-मेलवर कळल्याशिवाय नोंदणी द्यायची नाही. देशाला ई-गव्हर्नन्सचा धडा देऊन झाल्यावर आम्ही ई-मेलपाशी पोहोचलो. उशिरा का होईना, कुणीतरी कुणाला तरी विचारू लागलं.

नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने त्या ६५ इमारती पाडायचा आदेश दिला. आत माणसं राहत होती. त्यांच्यापर्यंत मात्र माहिती थेट आली, घर रिकामं करा म्हणून. डाऊन दिशेला न चुकता धावणारी ही एकच गाडी, नोटीस. तिला मंजुरीकर्ते कळव्याला अडकत नाहीत.

कधीकधी वाटतं, आमच्या शहरात माहिती लपतच नाही, ती चक्क रस्त्यावर येऊन पडते. कंपन्यांच्या डॅशबोर्डवर लाल, पिवळे, हिरवे दिवे असतात. डोंबिवलीत २०१४ साली हिरवट पाऊस पडला आणि २०२० साली एमआयडीसीतला एक रस्ता गुलाबी झाला. मुख्यमंत्री येऊन बघून गेले. कुठल्या कारखान्यातून काय बाहेर पडतंय याचा याहून ठळक अहवाल कुठला सल्लागार देईल? पण गुलाबी रंगाचा अर्थ काय घ्यायचा हे नियमावलीत नसावं.

आणि नियमावलीबाहेरचे लोक काय करतात, तर सचिन टेके यांचं एम-इंडिकेटर हे अ‍ॅप २०१० पासून लोकांच्या फोनमध्ये आहे. त्यात वेळापत्रक आहे, पण खरी गंमत ट्रेन चॅटमध्ये. 'ठाकुर्ली सोडली.' 'मुंब्र्याला उभी आहे, पुढे सिग्नल नाही.' 'या डब्यात चढू नका, दारात ग्रुप आहे.' लिहिणारा वाचणाऱ्याला ओळखत नाही, दोघांचा साहेब एक नाही, लिहिल्याबद्दल इन्क्रिमेंट नाही. मोटर जळाली असेल तर तो 'मोटर जळाली' असंच लिहितो, कारण त्याच्यापुढे ड्रॉपडाऊन नाही. काकांच्या मानेला इंटरनेट लावलं की हेच होतं.

सोमवारी आमच्या ऑफिसात एक नवा फॉर्म आला. 'अंतर्गत संवादाचे सर्वेक्षण'. भरणं सक्तीचं, नाव गुप्त, मात्र सुरुवातीला कर्मचारी क्रमांक टाकायचा. पहिलाच प्रश्न, 'कामासंबंधीची माहिती आपल्याला प्रामुख्याने कोठून मिळते?' पर्याय होते मेल, परिपत्रक, डॅशबोर्ड, वरिष्ठ अधिकारी आणि इतर.

मी इकडेतिकडे बघितलं आणि 'इतर' दाबलं.

शुक्रवारी साडेतीनला 'इतर'वर मीटिंग आहे. मेल अजून आलेला नाही. मामांनी सांगितलं.