सोलोराव

कोथरूडातल्या कुठल्याही बऱ्या सोसायटीत हल्ली एक तरी सोलोराव सापडतो. वय पंचेचाळिशी ओलांडलेलं, घराचं कर्ज फिटत आलेलं, मुलगी बारावीतून सुखरूप पार पडलेली आणि दोन्ही गुडघे अजून मूळचेच. पार्किंगमध्ये कारच्या मागे ताडपत्रीखाली एक हिमालयन उभी. रविवारी सकाळी ताडपत्री निघते, गाडी पुसली जाते, सिंहगडाच्या पायथ्याला भजी खाऊन परत येते आणि पुन्हा झाकली जाते.

आमच्या सोलोरावांचं खरं नाव मेन्टेनन्सच्या यादीत आहे, पण ते आता फक्त खजिनदाराला आठवतं. मोटरसायकलवरून एकट्यानं लडाखला जाणार आणि वाटेत तंबू ठोकून राहणार, असं त्यांनी पाण्याच्या टँकरसाठी बोलावलेल्या बैठकीत जाहीर केलं, तेव्हापासून ते सोलोराव.

“एकट्यानंच का?” अध्यक्षांनी विचारलं.

“स्वतःशी जरा बोलायचंय.”

“अरे, मग घरात कोण अडवतंय तुला?” हे त्यांच्या आईंनी जिन्यातून विचारलं. “एरवी तरी तू दुसऱ्या कुणाशी कुठे बोलतोस?”

सोलोरावांच्या टी-शर्टावर चे गेव्हारा असतो. मोटरसायकल, मोकळा रस्ता, मुक्त माणूस वगैरे. पण १९५२ च्या त्या प्रवासात चे एकटा नव्हता, बरोबर त्याचा मित्र आल्बेर्तो ग्रानादो होता. गाडीही ग्रानादोची, आणि तीसुद्धा चिलीत पोहोचल्यावर कायमची बसली, पुढचा बराच प्रवास या दोघांनी लोकांच्या ट्रकमधून केला. टेबलावर ठेवलेल्या रॉबर्ट पर्सिगच्या पुस्तकातही मागच्या सीटवर लेखकाचा मुलगा बसलेला आहे आणि शेजारून बराच वेळ एक मित्रजोडपं चाललेलं आहे. हे मी एकदा बोलून दाखवलं. सोलोरावांनी शांतपणे टेड सायमनचं नाव काढलं. तो १९७३ साली ट्रायंफ घेऊन निघाला आणि चार वर्षं खरोखरच एकटा जगभर हिंडला, भारतातही येऊन गेला. या मुद्द्यावर मला गप्प बसावं लागलं. मात्र सायमनला ऑफिसातून अठरा दिवसांची रजा मंजूर करून घ्यायची नव्हती आणि त्याच्या गावी कोथरूडची आई नव्हती.

प्रवासाची तयारी जानेवारीत सुरू झाली, निघायचं जूनमध्ये होतं. या पाच महिन्यांत सोलोरावांचं लडाख इतक्या वेळा करून झालं, की आम्हालाही थोडी विरळ हवा लागली. खारदुंग ला खिंडीतली जुनी पाटी १८,३८० फूट सांगायची, पण खरी उंची १७,५८२ च्या आसपास आहे, हे आता आमच्या इस्त्रीवाल्यालाही माहीत आहे. अटल बोगदा २०२० मध्ये सुरू झाला, नऊ किलोमीटरचा आहे, आणि सोलोराव त्यातून जाणार नाहीत. रोहतांग चढून जाणार. बोगद्यातून जाणं त्यांच्या मते मोदकाची पारी टाकून नुसतं सारण खाण्यासारखं आहे. मला तर तसा मोदक चालेल, पण तो मुद्दा वेगळा.

सामानाबद्दल मात्र सविस्तरच सांगायला हवं. क्लच वायर, अ‍ॅक्सिलरेटर केबल, स्पार्क प्लग, दोन ट्यूब, पंक्चरचं किट, हवा भरायचा पंप, चेन ल्यूब, इंजिन ऑइल, बंजी कॉर्ड सहा. गॅरेजवाला उस्ताद हे सगळं काउंटरवर मांडत गेला आणि शेवटी म्हणाला, “साहेब, क्लच वायर घेतली, ठीक. पण बदलता येते का?” सोलोरावांनी त्याचा मोबाइल नंबर लिहून घेतला. मनालीपलीकडे वायर तुटली तर उस्ताद व्हिडिओ कॉलवर बदलून देणार, असं ठरलं. दोन्ही बाजूंना पेट्या बसवायच्या म्हणून उस्तादानं साडीगार्ड खोललं. ते हातात घेऊन वहिनी एवढंच म्हणाल्या, “राहू दे, आता त्याचं काय काम?” मागच्या सीटवर स्लीपिंग बॅग, मॅट आणि तंबू आडवा बांधला, तेव्हा तर तो विषयच मिटला.

टाकी १५ लिटरची आणि गाडी लिटरला तीस देते. टांडीच्या पंपावर पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची पाटी आहे. तिसरीतल्या पोरानंही गुणाकार केला तर टाकी पुरते आणि वर थोडं उरतं. तरी पाच-पाच लिटरचे दोन कॅन घेतले गेलेच, कारण कॅन बांधलेली गाडी फोटोत वेगळी दिसते.

तंबूची रंगीत तालीम गच्चीवर झाली. व्हिडिओत तो तंबू तीन मिनिटांत उभा राहतो. गच्चीत खुंट्या ठोकायला माती नसल्यानं एक दोरी पाण्याच्या टाकीला, दुसरी डिशच्या खांबाला आणि तिसरी काकूंच्या कुरडयांच्या बाजेला बांधली. चौथी वॉचमननं हातात धरली. सूर्य मावळेपर्यंत तंबू उभा राहिला, टाळ्या झाल्या, मुलं आत शिरून बाहेर आली. रात्री सोलोराव खरंच वर झोपायला गेले. अडीच वाजता पाणी प्यायला म्हणून खाली उतरले आणि सकाळी चहालाच उठले.

खरी लढाई कुकरवरून झाली. सोलोराव छोटा गॅस, एक पातेलं आणि झटपट नूडल्सची पाकिटं नेणार होते. आईंनी दोन लिटरचा कुकर पुढे केला. सोलोरावांनी कागद घेऊन समजावलं, की उंचावर हवेचा दाब कमी होतो, म्हणून पाणी लवकर उकळतं, सारचूला तर ८५-८६ अंशांनाच. पाणी खळखळतं, पण तांदूळ कच्चाच राहतो.

“बरोबर,” आई म्हणाल्या, “म्हणूनच म्हणते, कुकर ने.”

पदार्थविज्ञानाच्या बाजूनं यावर काही बोलता येईना. कुकर गेला. कुकर म्हटल्यावर तांदूळ, मुगाची डाळ, मेतकूट आणि तुपाची बरणीही गेली. डावी पेटी कॅम्पिंगची राहिली आणि उजवी आईंची झाली. दशम्या पहिल्या दिवसाच्या, शेंगदाण्याची चटणी पहिल्या आठवड्याची, डिंकाचे लाडू थंडीसाठी. डॉक्टरांनी उंचीवरच्या त्रासासाठी लिहून दिलेल्या गोळ्या लाडवांच्या डब्यातच ठेवल्या, म्हणजे सापडतील.

एकांताचीही चोख व्यवस्था लावली गेली. बाहेरचं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, म्हणून सोलोरावांनी नंबर पोस्टपेड करून घेतला. नातेवाइकांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, ऑफिसचा एक, सोसायटीचा एक. तिन्हींवर लाइव्ह लोकेशन. हेल्मेटवर कॅमेरा. इन्शुरन्स, पीयूसी आणि आधारच्या प्रती तीन संच, त्यांतला एक माझ्याकडे. “मी संपर्काबाहेर असेन,” असं ते प्रत्येकाला स्वतः फोन करून सांगत होते.

मुहूर्त आईंनी काढला. पहाटे साडेचारला अख्खी विंग खाली होती, त्यात नाइट सूटवर शाल घेतलेले अध्यक्षही. वहिनींनी औक्षण केलं, आईंनी हातावर दही घातलं. ते दही घेऊन हातमोजे घालायचे कसे, यावर थोडी चर्चा झाली. हँडलला आधीच रंगीबेरंगी तिबेटी पताका होत्या, त्याखाली लिंबू-मिरची लटकली. नारळ फुटला. सोलोराव गाडीवर बसले, उजव्या पायानं स्टँड शोधला, तो डाव्या बाजूला होता. मग गाडी सुरू झाली आणि सगळ्यांचं ऊर भरून आलं.

गाडी गेटाशी थांबली. मोठं गेट सहाला उघडतं आणि छोट्या फाटकातून दोन पेट्यांसकट हिमालयन जात नाही. किल्ली ज्या वॉचमनकडे होती तो आरती घेऊन गच्चीवरून व्हिडिओ काढत होता. तो खाली येईपर्यंत सोलोरावांनी हेल्मेटची काच वर करून दोन दशम्या खाल्ल्या. अखेर गेट उघडलं, लाल दिवा कोपऱ्यावरून वळला, आणि वहिनी मला म्हणाल्या, “चहा टाकते, या. निवांत पिऊ.” त्यांच्या आवाजात जो मोकळेपणा होता त्याबद्दल मी सोलोरावांना कधीही सांगणार नाही.

त्यानंतर सोलोराव म्हणजे फोनवरचा एक निळा ठिपका. सात वाजता ठिपका चाकणला थांबला. चाळीस मिनिटं हलेना. ग्रुपवर एकानं पंक्चरची शंका काढली, मामांनी पोलिसांची. आईंनी देवापुढे दिवा लावला. ट्रॅफिक असेल, असं चाकणला रोज नोकरीला जाणाऱ्या भाच्यानं लिहिलं तेव्हा लोक शांत झाले. दुपारी ठिपका नाशिकला मित्राकडे जेवला. संध्याकाळी धुळ्याला पोहोचला.

धुळ्यात मावशी राहतात. “लेकरू दारावरून जाईल आणि हॉटेलात राहील?” हा त्यांचा सवाल महिनाभर आधीच आलेला होता. हॉटेल नाही, तंबू, असं सांगितल्यावर त्या अधिकच दुखावल्या. रात्री त्यांचा आईंना फोन आला. स्पीकरवर होता, म्हणून आम्हीही ऐकला.

“अगं ताई, पोचला सुखरूप. अंगणात तंबू लावला ना त्यानं, मोठा छान लावला! आमची तिन्ही नातवंडं आत झोपलीत, बाहेर यायलाच तयार नाहीत.”

“आणि तो?”

“तो हॉलमध्ये, कूलरसमोर. भरीत-भाकरी खाऊन घोरतोय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर इंदूरच्या आत्यांचा मेसेज आला. दुपारपर्यंत येतोयस ना, जेवायला पुरणपोळी करू की श्रीखंड? पाठोपाठ आत्यांच्या जावेनं रात्रीचं जेवण आपल्याकडे लावून घेतलं. सोलोरावांचं उत्तर दोन मिनिटांत आलं, “पुरणपोळी. आणि आत्या, तुमच्याकडे गच्ची आहे ना? तंबूचा फोटो राहिलाय.”