अनुमोदक मामा

ग्रामसभेच्या ठरावाखाली सूचकाचं नाव बदलत असतं. कधी रस्त्यासाठी तळमळणारा तरुण, कधी नळ आपल्या दारातून जावा म्हणून तळमळणारा म्हातारा. अनुमोदकाचं नाव मात्र बदलत नाही. तिथं मामा. आमच्या सिद्धेश्वर धरणाकडच्या कुठल्याही गावात जा, असा एक मामा सापडतोच. त्याचं पाळण्यातलं नाव फक्त मतदार यादीला माहीत असतं. बाकी सगळ्यांसाठी तो मामा, अगदी त्याच्या सासऱ्यासाठीसुद्धा.

ग्रामसभेला गणपूर्ती लागते. गावातल्या मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100 जण, यांतला जो आकडा कमी असेल तो. तेवढी माणसं लग्नाला जमतात, दशक्रियेला जमतात, सभेला जमत नाहीत. मग सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही, आणि मामांचं खरं राज्य तिथंच. सरपंच, ग्रामसेवक, शिपाई, पारावर सावलीला आलेले दोघे आणि मामा. ग्रामसेवक हुशार असेल तर 'अनुमोदक' या शब्दापुढं मामांचं नाव घरूनच लिहून आणतो. विषय नंतर भरला तरी चालतो.

मामांचं हात वर करणं एकदा जवळून बघायला पाहिजे. पूर्ण हात ते कधीच वर करत नाहीत. कोपर मांडीवर टेकवायचं, पंजा कानाजवळ न्यायचा आणि दोन बोटं ताठ करायची. सरपंचाच्या बाजूनं बघितलं तर पाठिंबा, विरोधकांच्या बाजूनं बघितलं तर कान खाजवणं. पुढं कोणी जाब विचारलाच, तर कान खाजवल्याचे साक्षीदारही भरपूर निघतात.

शब्दांच्या बाबतीत मात्र मामा काटेकोर, आणि गावानंही ते शब्द वर्षानुवर्षं ऐकून पाठ केलेत. "बरोबर हाय" म्हणजे ऐकू आलं, एवढंच. "एकदम बरोबर" म्हणजे ऐकू आलं नाही, पण बोलणारा चहा पाजणार आहे. "होऊन जाऊ द्या" हे खर्च दुसऱ्याच्या खिशातून असेल तेव्हाचं. "आपण हावच की तुमच्या मागं" यातलं 'मागं' नेमकं किती अंतरावर, हे मोर्चा तहसीलला पोचल्यावर कळतं; तोवर मामा औंढ्याच्या एसटी स्टँडवर भजी खात असतात. आणि "काही हरकत नाही" असं मामा म्हणाले की शहाण्या माणसानं कागद गुंडाळून घरी जावं. मामांच्या तोंडून निघणारा सगळ्यात कडक विरोध तो एवढाच. 'नाही' हा शब्द त्यांनी उभ्या आयुष्यात फक्त वर्गणी मागायला आलेल्या पोरांसाठी राखून ठेवला आहे.

पाण्याच्या वेळी त्यांची कसोटी लागते. पूर्णा नदी येलदरीच्या धरणातून पुढं सिद्धेश्वरच्या धरणात येते आणि इथून कालव्यानं हिंगोली, परभणी, नांदेड असं तिन्ही जिल्ह्यांचं शिवार भिजतं. त्यामुळं दर साली दोन निवेदनं फिरतात. एकात लिहिलेलं असतं, पिकं करपायला लागली, ताबडतोब आवर्तन सोडा. दुसऱ्यात, उन्हाळ्यात प्यायला पाणी उरणार नाही, एक थेंब सोडू नका. दोन्हींवर मामांची सही, एकाच निळ्या पेननं. एका पोरानं भर चावडीत दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले. मामांनी चष्मा लावून दोन्ही वाचले, दोनदा मान डोलावली आणि म्हणाले, "बरोबर हाय की. पाणी सोडायलाच पायजे. अन् धरणात राहायलाच पायजे." पोरगं गप्प झालं. पाटबंधारे खात्याचं धोरण तरी याहून वेगळं काय असतं?

मामांना होयबा म्हणणारे लोक आहेत. मला ते पटत नाही. होयबाला एक मालक असतो, त्याच्या नजरेकडे बघून त्याची मान हलते. मामांना मालक नाही. ते सगळ्यांना सारखंच 'हो' म्हणतात, म्हणून ते कोणाचेच नाहीत, आणि म्हणूनच सगळ्यांच्या बॅनरवर आहेत. निवडणुकीच्या दिवसांत एकाच खांबावर वर एका गटाचा भावी सरपंच हात जोडून उभा, खाली दुसऱ्या गटाचा. शुभेच्छुकांच्या रांगेत दोन्हीकडे मामा. फोटो तोच, फेटा तोच. फ्लेक्सवाल्यानं तो कम्प्युटरवर कायमचा ठेवून दिलाय.

कीर्तनात तर त्यांना तोड नाही. बुवांचा दृष्टांत अजून अर्ध्यावर असतो, राजा नुकताच शिकारीला निघालेला असतो, तेवढ्यात मामांचा "वाऽऽ!" येतो. बुवा गडबडतात, राजाला घाईनं परत आणतात. पण कीर्तनाला दाद देण्याची सवय आमच्या औंढा तालुक्याला जुनी आहे. औंढ्याला नामदेव महाराजांना देवळासमोर कीर्तन करू दिलं नाही, म्हणून ते मागं जाऊन उभे राहिले, आणि नागनाथाचं देऊळच त्यांच्याकडं तोंड करून फिरलं, अशी आमच्याकडं पिढ्यान् पिढ्या सांगितली जाणारी कथा. नंदी राहिला पाठीमागं. मामा ही कथा फार रंगवून सांगतात. शेवटी म्हणतात, "पाठिंबा द्यावा तर असा. बोलायचं काही नाही, नुसतं फिरायचं." फिरण्याचा भाग मामांनी मनावर घेतलाय, एवढं खरं.

मध्यंतरी कोणीतरी त्यांना सांगितलं, की राष्ट्रपतिपदाच्या उमेदवाराच्या अर्जावर 1997 पासून 50 सूचक आणि वर 50 अनुमोदक लागतात. मामा बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग काळजीनं म्हणाले, "पन्नास? काहून? दिल्लीत एकबी खात्रीचा माणूस नाही का?"

तंटामुक्तीच्या समितीला अध्यक्ष निवडायचा होता तेव्हाची सभा अजून लोकांच्या तोंडी आहे. ही मोहीम 15 ऑगस्ट 2007 ला राज्यभर सुरू झाली, आणि तंटे मिटवणाऱ्या समितीच्या अध्यक्षपदावरून तंटे होणं हे ओघानंच आलं. दोन्ही गट हट्टाला पेटले. शेवटी एका मास्तरांनी तोडगा काढला: मामांनाच करा, त्यांचं कोणाशी वाकडं नाही. सूचक मिळाला. ग्रामसेवकानं विचारलं, "अनुमोदक?"

सभेत कोणी हललं नाही. विरोध कोणाचाच नव्हता. पण या प्रश्नाला मामांकडं बघायचं, एवढंच गावाला ठाऊक, आणि सगळे मामांकडं बघत बसले. मामांचा पंजा सवयीनं कानाजवळ गेला.

"तुमच्याच नावाला तुमचं अनुमोदन चालत नाही, मामा," ग्रामसेवक म्हणाला.

"बरोबर हाय," मामा म्हणाले. "एकदम बरोबर. मग सर्वानुमते लिव्हा."