तारीख सांगा, मग टाळी घ्या

शाहूवाडी तालुक्यात सभा कुठंही असो, मलकापुरात, बांबवड्यात की सरूडला, पहिल्या पाच मिनिटांत वक्ता पावनखिंडीत पोचतो. निमित्त कारखान्याच्या निवडणुकीचं असेल, दूध संस्थेच्या उद्घाटनाचं असेल, शाळाखोलीच्या भूमिपूजनाचं असेल; खिंड ठरलेली. आवाज चढतो, हात वर जातो, टाळी पडते. ती टाळी बाजीप्रभूंना पडलेली असते. वक्ता ती स्वतःची समजून खाली बसतो.

मला याचा राग येतो, आणि तो श्रद्धेपोटीच येतो. जुलै 1660 मधली ती झुंज याच तालुक्याच्या डोंगरात झाली. बाजीप्रभूंबरोबर बांदलांची माणसं तिथं कापली गेली, फुलाजी प्रभू पडले, आणि त्याआधी पन्हाळ्याच्या वेढ्यात शिवा काशिदांनी शिवाजी महाराजांच्या वेशात मरण पत्करलं. आपल्या व्यासपीठांवरून बांदलांचं नाव कितीदा ऐकू येतं? इतिहास सांगायचा तर नीट सांगा, सगळ्यांची नावं घेऊन सांगा. आणि तो सांगून झाला की समोर बसलेल्या माणसाच्या प्रश्नाकडं या. रस्ता नसल्यानं धनगरवाड्यावरचा आजारी माणूस आजही झोळीत घालून खाली आणावा लागतो. गव्यांचा कळप एका रात्रीत उभं पीक तुडवून जातो. रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या रुंदीकरणात कुणाची जमीन गेली, कुणाचं दुकान गेलं. घरटी एक-दोन माणसं मुंबईत राबतात आणि गणपतीला गावी येतात. यातलं काहीही खिंड लढवून सुटत नाही.

दोष एकट्या वक्त्याचा नाही. भाषण लिहून देणाऱ्याचाही आहे. मोठ्या नेत्यांची भाषणं शहरात बसून लिहिली जातात. तालुक्याच्या नावाची जागा मोकळी ठेवायची, आज शाहूवाडी घालायची, उद्या शिराळा. हल्ली तर असा मसुदा मोबाइलवर दोन मिनिटांत तयार होतो. गावपातळीवर हेच काम एखाद्या मास्तरांच्या नाहीतर स्थानिक वार्ताहराच्या गळ्यात पडतं. त्यांना गाव माहीत असतं, वाडी माहीत असते, पण त्यांच्याकडून मागितला जातो तो ‘जोरदार’ मजकूर. गावची माहिती कुणी मागत नाही. अमेरिकेत केनेडींची भाषणं लिहिणारे टेड सोरेन्सन यांचं नाव जगाला ठाऊक आहे. आपल्याकडं लिहिणाऱ्याचं नाव लपवतात, मग त्याची जबाबदारीही कुणी धरत नाही. माझं म्हणणं असं, की त्या मास्तरांनाच मान द्या, मानधन द्या, आणि लिहायच्या आधी दोन संध्याकाळी वाडीवर बसायला पाठवा.

कारण इथं मतं हजारांच्या सभेत ठरत नाहीत. 2014 च्या विधानसभेला शाहूवाडी मतदारसंघात सत्यजित पाटील-सरूडकर विनय कोरेंपुढं अवघ्या 388 मतांनी निवडून आले. 388 म्हणजे एखाददुसरी वाडी. एका कोपरा सभेला जमतात तेवढी माणसं. त्या सभेत कोण काय बोललं, याला मुंबईच्या मैदानावरच्या भाषणापेक्षा जास्त वजन आहे, आणि नेमकी तीच सभा आपण सर्वांत कमी तयारीनं उरकतो.

आता कागद जवळून बघू. नेहमीच्या भाषणातलं वाक्य साधारण असं असतं: ‘शासनाच्या विविध योजनांच्या माध्यमातून आपल्या डोंगराळ व दुर्गम तालुक्याच्या सर्वांगीण विकासासाठी दळणवळणाच्या सोयीसुविधा निर्माण करण्यासाठी मी कटिबद्ध आहे.’ मराठीत क्रियापद शेवटी येतं. वाचणारा मागं जाऊन पुन्हा वाचू शकतो, ऐकणाऱ्याला ती सोय नाही. भोंग्याचा आवाज समोरच्या डोंगरावर आपटून परत येतो, तोवर वाक्याची सुरुवात विसरलेली असते. शिवाय ‘कटिबद्ध आहे’ म्हणजे नक्की काय करणार? काहीच सांगितलेलं नाही.

तेच वाक्य बोलायला लिहायचं तर असं: ‘धनगरवाड्याचा रस्ता. कच्चा आहे. पावसाळ्याआधी खडीकरण करतो. मे महिन्याच्या शेवटच्या दिवशी मी इथंच येतो. झालं नसेल, तर मला विचारा.’ पाच वाक्यं, एका दमात एक. शेवटच्या बाकावरच्या म्हातारीलाही कळतं, आणि तिला मे महिना लक्षात राहतो. भाषण लिहिणाऱ्यानं प्रत्येक भाषणात असं एक तरी वाक्य घालावं, जे पुढच्या वर्षी लोक वक्त्यापुढं धरू शकतील. ते घालायला वक्ता घाबरत असेल, तर त्याला शब्द कमी पडलेले नाहीत. त्यानं काम ठरवलेलं नाही. आधी काम ठरवा, शब्द आपोआप सुचतात.

सत्कार आणि नावं यावर फार लिहीत नाही. शाल, श्रीफळ, फेटा, ‘व्यासपीठावरील मान्यवर’ यात अर्धा तास जातो. सभा सहाची म्हणून बोलावलेल्या बायकांना धारा काढायच्या असतात, डेअरीवर दूध घालायचं असतं. त्या मध्येच उठून जातात. मग वक्ते म्हणतात, महिलांना राजकारणात रस नाही. तुमचं भाषण सुरू व्हायच्या आधी त्यांच्या म्हशीची वेळ झाली होती, साहेब.

18 ऑक्टोबर 2019 ची साताऱ्याची सभा सगळ्यांना आठवते. भर पावसात उभे असलेले 78 वर्षांचे शरद पवार. फोटो घरोघरी पोचला, आणि त्यानंतर पाऊस आला की छत्री बाजूला करायची टूम निघाली. पण त्या भाषणाचं बळ पावसात शोधू नका. लोकसभेला उमेदवार निवडताना आपली चूक झाली, असं त्यांनी त्या व्यासपीठावरून उघड कबूल केलं, आणि 21 तारखेच्या मतदानात ती दुरुस्त करायला सांगितलं. बोलणं थोडक्यात. कबुली, दिनांक, विनंती. पक्ष कुणाचाही असो, ज्याला भाषण लिहायला शिकायचंय त्यानं फोटो बाजूला ठेवून ती रचना बघावी. भिजणं कुणालाही जमतं. चूक मान्य करणं अवघड आहे.

त्याहून मोठा धडा आपल्याच जिल्ह्यातला आहे. मार्च 1920, माणगाव. दक्षिण महाराष्ट्रातल्या बहिष्कृत वर्गाची परिषद, अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर. वय 28, ‘मूकनायक’ सुरू होऊन दोन महिनेही झालेले नव्हते. तिथं कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज आले आणि त्यांनी समोरच्या लोकांना सांगितलं, की तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे. राजानं व्यासपीठावर उभं राहून दुसऱ्याला मोठं केलं. या एका वाक्यासाठी मला ते भाषण मराठी मुलखातलं सर्वांत श्रेष्ठ राजकीय भाषण वाटतं. आणि ते पोकळ नव्हतं, कारण 26 जुलै 1902 च्या जाहीरनाम्यानं मागास वर्गांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांत 50 टक्के जागा राखून 18 वर्षं होत आली होती. हुकूम आधी निघाला होता, बोलणं मागून आलं. महाराजांचं नाव घेऊन सुरू होणाऱ्या भाषणांनी एवढा क्रम तरी पाळावा.

बोलायची रीत मात्र मी गाडगेबाबांकडून घ्यायला सांगेन. त्यांच्या अखेरच्या काळातल्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळतं. बाबा सांगत कमी, विचारत जास्त. प्रश्न टाकायचा, लोकांकडून उत्तर काढून घ्यायचं, त्या उत्तरावर पुढचा प्रश्न. कर्ज, दारू, देवापुढचं बकरं, सगळं लोकांच्याच तोंडून वदवून घेतलेलं. आमचे वक्ते फार तर ‘बरोबर आहे की नाही?’ एवढंच विचारतात, आणि उत्तरासाठी थांबतही नाहीत. थांबायला हिंमत लागते, कारण एखादा उठून ‘नाही’ म्हणू शकतो.

तो ‘नाही’ म्हणायची हक्काची जागा म्हणजे ग्रामसभा. कायद्यानं ती वर्षातून किमान चार वेळा घ्यावी लागते. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतली कमी असेल ती संख्या पुरते. बोलायला शिकायचं तर तिथं शिकावं. महाराष्ट्रात 2011 पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा महिलांच्या आहेत, तरी अजून काही गावांत सरपंचबाई खुर्चीवर आणि भाषण त्यांच्या मालकांचं, हे चालतं. त्या बाईंना टाळ्यांचं भाषण लिहून देऊ नका. चार ओळी द्या: नळाला पाणी किती दिवसांआड येतं, टाकी कधी धुतली, निधी किती आला, किती उरला. त्या स्वतः वाचतील, अडखळतील, पुन्हा वाचतील. पुढच्या सभेला कागद लागणार नाही.

आणि शाळांच्या वक्तृत्व स्पर्धांत पाठ केलेली दहा मिनिटं ऐकून, हातवाऱ्यांना गुण देऊन, आपण सातवीतल्या पोरांनाही लहानपणीच तसलेच वक्ते करतो. विषय ऐनवेळी द्या. ‘आपल्या गावचा एसटी थांबा’ असा द्या. पोरगं काय बघतं, काय विचारतं, ते ऐका.

येत्या निवडणुकीत एक करून बघावं, खर्च काहीच नाही. वक्ता गाडीत बसायच्या आत त्याच्या भाषणाची प्रत मागून घ्यायची, कामाच्या आणि तारखेच्या ओळींखाली रेघ मारायची, आणि ती गावातल्या पाराजवळच्या फळ्यावर लावायची. प्रत द्यायला जो नाही म्हणेल, त्याचं नाव लावायचं.