बेंचमार्कपंत

लॅपटॉप घ्यायचं ठरलं की घरातलं कुणीतरी म्हणतंच, "आधी त्यांना विचारून घे." हे 'ते' म्हणजे बेंचमार्कपंत. कोथरूडपासून डोंबिवलीपर्यंत कुठल्याही सोसायटीत हा नमुना एक तरी सापडतो. वय चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे, नोकरी सॉफ्टवेअरमध्ये, आणि ख्याती अशी की कुठल्याही ग्राफिक्स कार्डाचं नाव घ्या, पंत त्याचा जन्ममहिना सांगतात. मुलगी यंदा कितवीत आहे, हे मात्र बायकोला विचारावं लागतं. सल्ल्याचे पैसे घेत नाहीत. वेळ भरपूर घेतात, तोही समोरच्याचा.

समजा, दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचा मुलगा इंजिनिअरिंगला लागलाय. त्याला 'अभ्यासासाठी' गेमिंग लॅपटॉप हवाय. नव्याच्या किमती ऐकून त्याचे बाबा गॅलरीत जाऊन उभे राहिले, म्हणून गाडी सेकंडहँडवर आली. शोधाशोध करून दोन हाती लागले. एकात एनव्हिडियाचं जीटीएक्स १०५० टीआय, दुसऱ्यात जीटीएक्स १६५०. किमतीत फार फरक नाही. वहिनी पंतांना गाठतात.

"भाऊजी, दोन्हींतला चांगला कुठला, तेवढं सांगा."

नेमकं 'तेवढं'च पंतांना सांगता येत नाही.

"वहिनी, आधी मला सांगा, कुठला सोळाशे पन्नास?"

"म्हणजे? सोळाशे पन्नास म्हणजे सोळाशे पन्नासच ना?"

पंत असं हसतात की वहिनींना आपण बँकेत चुकीच्या खिडकीपाशी उभ्या असल्यासारखं वाटतं. मग ते सांगू लागतात. एप्रिल २०१९ मध्ये आलेल्या मूळ १६५० ला जीडीडीआर-५ जातीची मेमरी होती. वर्षभरानं त्याच नावाखाली जीडीडीआर-६ मेमरीवालं निघालं. शिवाय सडपातळ लॅपटॉपांसाठी मॅक्स-क्यू नावाचा आणखी एक अवतार आहे. साध्याला पन्नास वॅट वीज मिळते, मॅक्स-क्यूला पस्तीसच्या आसपास. म्हणजे पोटाला कमी आणि पळायलाही कमी. बाहेरच्या स्टिकरवर मात्र तिघांचं नाव बहुतेक वेळा एकच.

वहिनींना हा सगळा छांदिष्टपणा वाटतो. पण इथे पंतांची बाजू घ्यायला हवी, कारण या माणसाला संशयी कुणी केलं असेल तर कार्ड विकणाऱ्यांनीच. २०१४ च्या जीटीएक्स ८६०एम मध्ये दोन वेगळ्या चिप मिळायच्या. एक केप्लर पिढीतली, ११५२ कोअरची. दुसरी मॅक्सवेल पिढीतली, ६४० कोअरची. आणि ६४० वाली नवी, कमी वीज खाणारी! नुसते कोअर मोजून खरेदी करणाऱ्यानं डोकं कुठे आपटायचं? पुढे एमएक्स १५० आलं. तेही पंचवीस वॅटचं एक आणि दहा वॅटचं एक असं दोन प्रकारचं निघालं. दुसरं बऱ्यापैकी मंद, आणि हा भेद ग्राहकांना कळला तो २०१८ मध्ये, परीक्षण करणाऱ्यांनी शोधून काढला तेव्हा. अशा बाजारात पंत जन्माला आले नसते तरच नवल.

तर मूळ प्रश्न. १०५० टीआय हे पास्कल पिढीतलं कार्ड. लॅपटॉपांत ते जानेवारी २०१७ मध्ये आलं. कोअर ७६८, मेमरी चार जीबी. १६५० ट्युरिंग पिढीतलं, कोअर १०२४, मेमरी तेवढीच, चार जीबी. यातही पंतांचा एक आवडता तपशील आहे. डेस्कटॉपच्या १६५० ला ८९६ कोअर आणि लॅपटॉपच्या १६५० ला १०२४. धाकट्याला थोरल्यापेक्षा जास्त! हे सांगताना पंत क्षणभर थांबून समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघतात. समोरच्याच्या चेहऱ्यावर काहीही नसतं.

"पण भाऊजी, तो विकणारा मुलगा म्हणत होता की टीआयचा स्पीड जास्त आहे."

"अर्धवट खरं बोलतोय." टीआयचा क्लॉक १६२० मेगाहर्ट्झपर्यंत चढतो, जीडीडीआर-५ वाल्या १६५० चा १५६० पर्यंत. तरी बहुतेक खेळांत १६५० ढोबळमानानं वीस ते तीस टक्के पुढे राहतं. कोअर जास्त आहेत, आणि ट्युरिंगची कामाची पद्धतही सुधारलेली आहे.

"मग सोळाशे पन्नासच घेऊ या की."

"थांबा ना वहिनी. सोबत रॅमची पट्टी एक आहे की दोन?"

इथून पुढची पंधरा मिनिटं रॅमची. ती गाळू. (आठ जीबीची एकच पट्टी असेल तर दुसरी बसवावी, खेळात फरक पडतो, एवढं सार आहे. पंतांना ते एका वाक्यात सांगता येत नाही.) वहिनी मध्येच विचारतात, "नंतर कार्ड बदलून घेता येईल ना? तपकीर गल्लीत कुणीतरी करून देईल." पंत खिन्नपणे मान हलवतात. अशा लॅपटॉपांत कार्ड मदरबोर्डवरच सोल्डर केलेलं असतं. घ्याल ते शेवटपर्यंत.

खरा निकाल लावणारा मुद्दा पंत सर्वांत शेवटी काढतात, कारण तो आधी काढला तर संध्याकाळ संपेल. ऑक्टोबर २०२५ नंतर एनव्हिडियानं पास्कल कार्डांना नव्या खेळांसाठीचे ड्रायव्हर देणं थांबवलं. सुरक्षेपुरती डागडुजी तेवढी ऑक्टोबर २०२८ पर्यंत चालेल. ट्युरिंगला तो निर्णय लागू नाही. त्याच महिन्यात, १४ तारखेला, मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० ला निरोप दिला. १०५० टीआयवाल्या कितीतरी लॅपटॉपांत इंटेलचा सातव्या पिढीचा प्रोसेसर असतो, आणि ती पिढी एखाददुसरा अपवाद सोडला तर विंडोज ११ च्या अधिकृत यादीतच नाही. एकाच महिन्यात दोन्हीकडून दार बंद.

"हे आधीच सांगायचं होतं, भाऊजी."

"संदर्भाशिवाय कसं सांगणार?"

निकाल लागला तरी पंत दोन्ही लॅपटॉप प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय सोडत नाहीत. रविवारी सिंहगड रस्त्यावर एका फ्लॅटवर वरात पोचते. शेवटच्या वर्षाची चार मुलं राहतात, त्यांतला एक टीआयवाला. पंत स्क्रीनकडे बघतही नाहीत. लॅपटॉप उलटा करतात, मोबाइलचा टॉर्च पंख्याच्या जाळीवर धरतात आणि विचारतात, "मांजर आहे का घरात?" मुलगा चकित. "होती, काका. तुम्हाला कसं कळलं?" पंत जाळीतून करड्या केसांचा पुंजका दोन नखांत धरून ओढून काढतात आणि त्याच्यासमोरच कागदावर ठेवतात. मग म्हणतात, "चार्जर लाव." चार्जर काढला की अशी मशिनं वीज वाचवायला कार्डाचे हातपाय बांधतात, हे पंतांना ठाऊक. आता खिशातून पेनड्राइव्ह निघतो. त्यात फरमार्क आहे, कार्डाला घाम फोडणारी चाचणी. पडद्यावर केस उगवलेला मेदूवडा गोल गोल फिरू लागतो, पंखा बोंबलतो आणि कोपऱ्यातलं तापमान चढत जातं : एकाहत्तर, अठ्ठ्याहत्तर, चौऱ्याऐंशी. पंत डोळे मिटून डब्ल्यूच्या बटणावर बोट टेकवतात. चहा येतो, निवतो. मुलगा हळूच म्हणतो, "काका, पाचशे कमी करतो."

१६५० वाला बाणेरचा. तिथे पंत मशिन सुरू होताच जीपीयू-झेड उघडतात. मॅक्स-क्यू नाही, मेमरी जीडीडीआर-५, प्रोसेसर आय-५ ९३००एच, चार कोअर आणि आठ थ्रेड. पंतांच्या चेहऱ्यावर समाधान पसरतं. टीआयवाल्याकडच्या ७३००एचक्यूला चारच थ्रेड होते, हे ते परत येताना रिक्षात वहिनींना सांगतात. वहिनी मीटर बघत असतात.

या सगळ्यात एक गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही. पंत स्वतः खेळत नाहीत. त्यांच्या स्टीमच्या खात्यात ढीगभर गेम आहेत, त्यांतले बहुतेक सेलमध्ये घेतलेले. 'शॅडो ऑफ द टूम रेडर'मधली बेंचमार्कची चाचणी त्यांनी इतक्यांदा चालवलीय की पुढच्या क्षणी पडद्यावर काय येणार, हे त्यांना पाठ आहे. लारा क्रॉफ्टचं पुढे काय होतं, याची मात्र त्यांनी कधी चौकशी केली नाही. 'अॅलन वेक २' मेश शेडर वापरतो, ते पास्कलमध्ये नाहीत आणि ट्युरिंगमध्ये आहेत, हे ते तोंडपाठ सांगतील. गोष्ट कशाबद्दल आहे, ते विचारू नका.

लॅपटॉप घरी आला. पंत ड्रायव्हर चढवायला खाली उतरले आणि तेव्हा कुठे, बहुधा तोंडाला काहीतरी काम म्हणून, त्यांनी मुलाला विचारलं, "बाकी खेळतोस काय रे तू?"

"व्हॅलोरंट."

पंतांचे हात थांबले. व्हॅलोरंट २०२० मध्ये आला, तेव्हा कंपनीनं स्वतःच जाहीर केलं होतं की सेकंदाला तीस फ्रेमसाठी इंटेलचं एचडी ४००० चालेल. म्हणजे बाबांच्या जुन्या ऑफिस लॅपटॉपातसुद्धा असतं तसलं. आणि एकशे चव्वेचाळीस फ्रेमच्या वरच्या, सर्वांत भारी तक्त्यात कार्ड लिहिलेलं होतं जीटीएक्स १०५० टीआय.

"म्हणजे भाऊजी, तो मांजरवालाही चालला असता?"

"चालला असता," पंत म्हणाले, आणि लगेच सावरले. "पण स्क्रीन किती हर्ट्झचा आहे, हे आपण पाहिलंच नाही!" पाहिलं. साठ. सेकंदाला दीडशे फ्रेम तयार झाल्या तरी पडदा साठच दाखवणार. पंतांच्या डोळ्यांत जुनी चमक परत आली. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, एमएसआय आफ्टरबर्नर चढवला, कोपऱ्यात आकडे आणले. मुलानं सामना सुरू केला आणि पळू लागला.

"पळू नकोस रे. एका जागी उभा राहा, आकडा स्थिर होऊ दे."

"काका, मारतील ना!"

"दहाच सेकंद."

तीन सेकंदांत पडदा करडा झाला. "मेलो, काका."

"असू दे, असू दे," वहीत टिपत पंत म्हणाले, "एकशे अठरा लागला होता."