शंभर रुपयांत सुटू पाहणाऱ्या शेजाऱ्यास



१५ जानेवारीला सकाळी तुमच्या दाराला कुलूप होतं. आदल्या दिवशी संक्रांत, गुरुवारी महापालिकेच्या मतदानाची सुट्टी, शुक्रवारी रजा टाकली की रविवारपर्यंत मालवण. विश्रामबागेतल्या आपल्या अपार्टमेंटपासून मतदान केंद्र चालत सात मिनिटांवर. यादीत माझ्या नावाखाली तुमचं नाव. माझ्या नावावर खूण झाली, तुमची ओळ कोरी राहिली.

ती ओळ मला झोंबली. ऑगस्ट २०२३ मध्ये सांगली, मिरज आणि कुपवाड शहर महापालिकेची मुदत संपली. पुढे जवळजवळ अडीच वर्षं प्रशासक होता, नगरसेवक नव्हते. त्या काळात पार्किंगमध्ये उभं राहून सगळ्यांत मोठ्या आवाजात तुम्हीच विचारायचात, "तक्रार घेऊन जायचं कुणाकडं? या गावाला वाली आहे का?" प्रश्न रास्त होता. आणि वाली निवडायचा दिवस उजाडला तेव्हा तुम्ही समुद्रावर होता. बहुतेक प्रभागांत एकेका मतदाराला चार मतं होती. चारही पाण्यात घातलीत.

परत आल्यावर म्हणालात, "मतदान सक्तीचं करा की! कायदा आला की सगळे येतील." इतकी वर्षं मीही तेच म्हणत होतो. तुमच्या तोंडून ऐकलं आणि माझं मत फिरलं.

गुजरातने स्थानिक निवडणुकांसाठी सक्तीचं विधेयक २००९ मध्ये मंजूर केलं. राज्यपालांची संमती मिळायला २०१४ उजाडलं. २०१५ मध्ये दंड ठरला शंभर रुपये, आणि त्याच वर्षी उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. शंभर रुपये! ते तुम्ही मालवणात बसून मोबाइलवरून भराल आणि कर्तव्य संपलं म्हणून मोकळे व्हाल. पण जत तालुक्यातला ऊसतोड मजूर हंगामात बायकापोरांसह परमुलखातल्या फडात असतो. मुकादमाची उचल अंगावर, गावी यायचं तर मजुरी बुडते आणि एसटीचं भाडं वेगळंच. नोटीस त्याच्या बंद खोपीवर चिकटेल. त्याला यायचं असूनही येता येत नाही, तुम्हाला येता येत असूनही यायचं नाही. कायदा दोघांना एकच दंड लावणार, आणि तो लागणार त्यालाच.

ऑस्ट्रेलियाचं उदाहरण तुम्ही दिलंत. तिथे १९२४ पासून सक्ती आहे, हे खरं. पण मतदान शनिवारी असतं, आधी जाऊन किंवा टपालानेही मत देता येतं. आपल्या विधी आयोगाने २०१५ च्या अहवालात सक्ती नको म्हटलं, आणि ते मला पटतं. फडातल्या माणसाच्या मताची सोय आधी करा, मग सक्तीचं बोला.

"एकही उमेदवार धड नाही" हे तुमचं दुसरं कारण. त्यासाठी २०१३ पासून "वरीलपैकी कोणीही नाही" असं बटण आहे. ते दाबायलाही केंद्रावर यावं लागतं.

मताची किंमत काय, तेही आठवा. स्वातंत्र्यलढ्यात २४ जुलै १९४३ ला वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबुराव जाधव गोळीबारात गेले. स्वतंत्र देशातलं मतदान त्या दोघांच्या वाट्याला आलंच नाही. तुमच्या वाट्याला आलं, तेही चालत सात मिनिटांवर, आणि तुम्ही ते सहलीसाठी सोडलंत. हा गुन्हा आहे असं मी मानतो, कायद्याच्या पुस्तकात नसला तरी.

पुढच्या मतदानाला सकाळी सातला मी तुमची बेल वाजवणार आहे. दोघांच्या चिठ्ठ्या काढून ठेवतो. ओळखपत्र खिशात घाला आणि माझ्याबरोबर चला.

आपला,
यादीतल्या वरच्या ओळीचा शेजारी,
विश्रामबाग, सांगली