शिंगं रंगवलेली मोटार

"गुरुजी, तुमचा भाचा बिनटपाची मोटार घ्यायलाय म्हणं?"

सकाळी तुळशीला पाणी घालत होतो, तेवढ्यात भिंतीपलीकडून नानांनी विचारलं. भाच्याने पुण्याहून फोटो पाठवला तो आदल्या रात्री नऊला, आणि मी तो फक्त घरात दाखवला होता. आमच्या दोन घरांमधली ही कमरेएवढी भिंत नेमकी कशासाठी बांधली, ते अजून कुणाला कळलेलं नाही. कोंबड्या तिच्यावरून येतात, कढीपत्ता तिच्यावरून जातो. बातमीला तर उडीही मारावी लागत नाही.

मी मोबाईल पुढे केला. नानांनी चष्मा चढवला आणि मोबाईल हातभर लांब धरला. लालभडक, ठेंगणी, दोघांपुरती गाडी. खाली मजकूर होता: एमजीए, इंग्लंडची बनावट, पूर्ण नव्याने बांधलेली, विकणे आहे.

"किती म्हणतोय?"

मी आकडा सांगितला. नाना जरा वेळ गप्प राहिले.

"एवढ्यात ट्रॅक्टर येतो, ट्रॉली येती, आन् वर एका पोरीचं लगीन उरकतं." मग पुन्हा फोटोकडे बघत म्हणाले, "एमजी म्हंजी ती हेक्टरवालीच ना? परळीत दिसत्यात की."

"चिन्ह तेच, नाना. पण घराणं जुनं आहे."

मग मला मास्तरकीचा झटका आला. ऑक्सफर्डमध्ये विल्यम मॉरिस नावाचा माणूस सायकली दुरुस्त करता करता मोटारी बनवायला लागला. त्याचं 'मॉरिस गॅरेजेस' नावाचं दुकान होतं. त्याची आद्याक्षरं म्हणजे एमजी. तिथला व्यवस्थापक सेसिल किंबर याने साध्या मॉरिस गाड्यांना हलकी, देखणी अंगं चढवून १९२४ च्या सुमारास या नावाने विकायला सुरुवात केली. १९२९ पासून जवळच्या ॲबिंग्डन गावात कारखाना चालला, १९८० मध्ये त्याला टाळं लागलं. चिन्ह मात्र या हातातून त्या हातात फिरत चीनच्या सैक कंपनीकडे गेलं आणि २०१९ मध्ये गुजरातेतल्या हलोलहून हेक्टर होऊन आपल्या रस्त्यावर उतरलं.

"म्हंजी वाडा गेला, आडनाव राहिलं," नाना म्हणाले. आमच्या भागात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

"पण नाना, हिचं इंजिन तुमच्या ओळखीचं आहे."

"माझ्या?"

"१४८९ सीसी. आपल्या ॲम्बेसिडरला वर्षानुवर्षं बसवलं ते याच कुळातलं. ॲम्बेसिडर म्हणजे तरी काय, मॉरिस ऑक्सफर्डच; फक्त कोलकात्याजवळ उत्तरपाड्यात बनायची. हिला दोन कार्बोरेटर आहेत, तिला एक. ही पळायला बांधलेली, ती ओढायला."

नानांनी चष्मा काढला. "ॲम्बेसिडरमधी आमी अकरा जण बसून वैजनाथाला गेलतो. दोन पोरं डिकीत. तेच इंजिन, आन् हिच्यात दोघंच? इंजिनाला करमत कसं आसंल?"

मला मात्र दुसरंच काही वाटत होतं. एमजीए १९५५ ते १९६२ या काळात एक लाखाच्या वर बनल्या. त्यातल्या सहा हजारही इंग्लंडात विकल्या गेल्या नाहीत, बहुतेक अमेरिकेच्या वाटेला लागल्या. एवढी परदेशी, एवढी नखरेल गाडी. पण जन्मभर ॲम्बेसिडरची झडपं घासलेल्या एखाद्या म्हाताऱ्या मिस्त्रीसमोर तिचं बॉनेट उघडलं, तर तो नाव विचारणार नाही, पाना मागेल.

"ते जाऊ द्या," नाना म्हणाले. "दात बघितलं का?"

"कुणाचे?"

"गाडीचं! गुरुजी, चाळीस वर्षं बैलबाजार केलाय म्या. म्हातारा बैल विकायचा आसला की शिंगं घासत्यात, रंग देत्यात, अंगाला तेल चोपडत्यात. गिऱ्हाईक रंगावर भुलतं. जाणता माणूस आधी तोंड उघडतो. दुसा हाय का चौसा, का दात जुळलेत. मग खूर. मग चालवून."

हसू आलं, कारण रात्री भाचा फोनवर हेच सांगत होता, फक्त शब्द पुण्याचे होते. रंगाखाली किती पत्रा आहे आणि किती लांबी भरली आहे, हे डोळ्याला दिसत नाही. म्हणून पातळ फडक्यात चुंबक गुंडाळून अंगावरून फिरवायचं. जिथे धरत नाही तिथे पत्र्याच्या जागी मसाला आहे असं समजायचं.

"पण त्यातही मेख आहे," मी म्हणालो. "या गाडीची दारं, बॉनेट आणि डिकीचं झाकण ॲल्युमिनियमचं. तिथे चुंबक धरणारच नाही. बघायचं ते मडगार्डला आणि दारांखालच्या पट्टीला. पाणी तिथे साचतं, गंज तिथून चढतो."

"आन् बुडाला?"

"पायाखाली तर लाकडी फळ्या आहेत. प्लायवूडच्या."

नाना एकदम खूष झाले. "म्हंजी सुतारकाम! मग ही आपली गाडीच की." त्यांनी पुन्हा फोटो डोळ्याजवळ आणला. "दाराला कडी कुठंय?"

"बाहेरून नाहीच. आत हात घालून दोरी ओढायची. खिडकीला वर-खाली होणारी काच पण नाही."

"कुलूप न्हाई, काच न्हाई, टप न्हाई. आन् भाव ट्रॅक्टर-ट्रॉलीचा." त्यांनी कपाळाला हात लावला. "बरं, कागद?"

इथे खरी गोष्ट निघाली. चासीचा आणि इंजिनाचा नंबर आरसी बुकाशी जुळला पाहिजे, हे तर कोणत्याही गाडीला लागू. पण २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांचा वेगळा नियम केला. पहिल्या नोंदणीला पन्नासहून जास्त वर्षं झालेली, मूळ रूप राखलेली खासगी गाडी त्यात बसते. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, ती १० वर्षं चालते, पुढे ५,००० भरून वाढवायची. मात्र अशी नोंदणी केली की गाडी रोजच्या वापराला काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यापुरतीच रस्त्यावर.

"रोज जुंपायचीच न्हाई?" नाना भिंतीवर कोपर टेकून थांबले. "मग काऊन घ्यायची?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. भाच्याकडेही नव्हतं, तो नुसतं 'मामा, आवडली' म्हणाला होता.

नानांनीच ते शोधलं. "म्हंजी पोळ्याचा बैल. आदल्या दिशी खांदेमळणी, सकाळी अंघोळ, झूल, घुंगरमाळ. जू न्हाई, चाबूक न्हाई. गावातून नुसतं मिरवायचं." मग जरा थांबून म्हणाले, "बरोबर हाय. जन्मभर वढलेल्याचा येक दिस आसतोय."

नानांनी शेवटची जोडी विकली त्याला चार वर्षं झाली. नांगरट आता भाड्याच्या ट्रॅक्टरने होते, पोळ्याला पाटावर मातीचे बैल असतात. पण रिकाम्या गोठ्यात बैलगाडी अजून उभी आहे. चाकांची धाव घट्ट आहे, आसाला दर पोळ्याला वंगण पडतं. जुंपायला बैल नाहीत हे तिला कुणी सांगितलेलं नाही.

तेवढ्यात आतून काकूंचा आवाज आला. "गुरुजी, त्यांना म्हणावं दुसऱ्याची गाडी मग बघा. आधी गोठ्यातलं ते सांगाडं भंगारवाल्याला द्या. शेळ्या बांधायला जागा व्हईल."

नानांना ऐकू आलं नाही. त्यांना असं नेमकं वेळेवर ऐकू येत नाही. मोबाईल माझ्या हातात देत ते हळू आवाजात म्हणाले,

"भाच्याला सांगा, मन बसलं आसलं तर घी म्हणावं. पण आवडली आसं इकणाऱ्यापुढं बोलू नगंस. आन् एकला जाऊ नगंस, मला ने. भाव तोंडानं सांगायचा नसतो. म्या रुमाल घिऊन येतो."